डोळ्यांतलं पाणी आणि लेझरनंतरची नजर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे तपासणीला आली होती. चष्मा घालवण्यासाठी तिनं लेझर शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि ती मीच केली होती. तीन महिने झाले होते. वय सव्वीस, दिवसभर संगणकासमोर काम. मी तिला तक्त्यासमोर बसवलं. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं घडाघडा वाचून दाखवलं. मी कागदावर ६/६ असं लिहिलं आणि म्हणाले, "छान! आता काही काळजी नको."

ती उठली नाही. म्हणाली, "मॅडम, तक्ता दिसतो हो. पण दुपारनंतर स्क्रीनवरची अक्षरं पुसट होतात. रात्री समोरून गाडी आली की दिव्याला पिसारा फुटल्यासारखं दिसतं. मी रात्री गाडी चालवणंच बंद केलंय." मी पुन्हा तक्त्याकडे बोट दाखवलं. "अगं, तुझी नजर अगदी उत्तम आहे. होईल हळूहळू सवय," असं सांगून तिला परत पाठवलं.

त्या दिवशी तक्ता खोटं बोलत नव्हता आणि ती मुलगीही खोटं बोलत नव्हती. चूक माझी होती. मी डोळ्याचा पडदा पाहिला, लेझर झालेली जागा पाहिली, नंबर तपासला. पण या सगळ्यावर पसरलेला जो पाण्याचा पातळ थर असतो, त्याच्याकडे मी लक्षच दिलं नाही. आज आपल्याशी बोलायचं आहे ते या थराबद्दल, त्यातल्या प्रथिनांबद्दल आणि लेझरनंतर आपल्याला नेमकं कसं दिसतं याच्याशी त्यांचा जो संबंध आहे त्याबद्दल.

लहानपणी विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्यांनी एक गोष्ट नक्की अनुभवली असेल. पाण्याखाली डोळे उघडले की सगळं धुरकट दिसतं. स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा नीट दिसत नाहीत. डोळा तोच, आतलं भिंगही तेच. मग बिघडतं काय? हवेतून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा तो सर्वांत जास्त वळतो तो पहिल्याच पायरीवर, म्हणजे हवा संपून डोळ्याचा ओलावा सुरू होतो त्या सीमेवर. डोळ्याची प्रकाश एकवटण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर असते. तिचा जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा या पुढच्या भागाकडे असतो. पाण्यात बुडी मारली की ही सीमाच नाहीशी होते आणि ती ताकद जवळपास संपते.

या पुढच्या भागाला आपण बुबुळावरची काच म्हणू. वैद्यकीय भाषेत तिला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. पण हवेला प्रत्यक्ष भिडतो तो कॉर्निया नव्हे, त्याच्यावरचा अश्रूंचा थर. म्हणजे आपल्या डोळ्याचं पहिलं भिंग पाण्याचं आहे. त्याची जाडी असते सुमारे तीन मायक्रॉन, म्हणजे एका केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतकी. हा थर एकसारखा पसरलेला असेल तर चित्र स्वच्छ. तो मध्येच फाटला, कुठे जाड, कुठे पातळ झाला, की प्रकाश विखुरतो. पहिल्या पावसात गाडीच्या काचेवर पाणी आणि धूळ यांचा लेप बसतो आणि समोरचे दिवे पसरतात, तसंच काहीसं. पापणी म्हणजे आपला वायपर. ती मिटून उघडली की थर पुन्हा नव्यानं पसरतो.

आता हे पाणी म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे. नुसतं पाणी असतं तर ते डोळ्यावर टिकलंच नसतं. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरत नाही, मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. कॉर्नियाच्या पेशींचा पृष्ठभाग मुळात तसाच पाण्याला फारसा न जुमानणारा असतो. त्यावर म्युसिन नावाच्या, साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या प्रथिनांचा बुळबुळीत लेप असतो. त्या लेपामुळे पाणी पसरून बसतं. त्याच्या वर अश्रुग्रंथीतून आलेलं पाणी आणि सर्वांत वर पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून आलेला तेलाचा अत्यंत पातळ तवंग. हा तवंग बाष्पीभवन रोखतो.

मधल्या पाण्यात असंख्य प्रथिनं विरघळलेली असतात. त्यातलं एक शोधलं ते पेनिसिलिनमुळे जगाला ठाऊक असलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी. पेनिसिलिनच्या आधी काही वर्षं, १९२२ मध्ये, त्यांनी लायसोझाइम या जंतुनाशक प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. ते अश्रूंत भरपूर सापडतं. मग प्रयोगासाठी अश्रू आणायचे कुठून? फ्लेमिंग यांनी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळून त्यांना रडवलं! लायसोझाइमच्या जोडीला लॅक्टोफेरिन असतं. ते लोह धरून ठेवतं, म्हणजे जंतूंना लागणारा खुराकच तोडतं. प्रतिपिंडं असतात. आणि चौथं महत्त्वाचं प्रथिन म्हणजे लिपोकॅलिन. याला मी डोळ्यातला हमाल म्हणते. कॉर्नियावर चुकून पडलेला तेलाचा कण हे उचलून नेतं, कारण तो कण तिथे राहिला तर त्या जागी पाणी टिकणार नाही. शिवाय पाण्याचा पृष्ठताण कमी करून थर नीट पसरायलाही ते मदत करतं. म्हणजे या प्रथिनांचं काम केवळ जंतूंशी लढण्याचं नाही. आपल्याला स्वच्छ दिसावं यातही त्यांचा वाटा आहे.

ही चार मंडळी मोठी. पण त्यांच्यामागे फार मोठी रांग आहे. २००६ मध्ये संशोधकांनी अश्रूंत ४९१ प्रथिनं ओळखली होती. २०१२ मध्ये ती यादी १५०० च्या पुढे गेली. आणि हे सगळं किती पाण्यात? एका डोळ्यावर एका वेळी असतं सुमारे सात मायक्रोलिटर पाणी. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब याच्या चार-पाच पट मोठा असतो. म्हणूनच थेंब टाकला की बराचसा गालावर ओघळतो.

आता लेझरकडे वळू. १९८१ सालची गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, सॅम्युअल ब्लम आणि जेम्स विन हे तीन शास्त्रज्ञ एक्सायमर लेझरवर काम करत होते. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी शिजवलेल्या टर्कीचं उरलेलं हाड-मांस त्यांनी प्रयोगशाळेत आणलं आणि त्यावर १९३ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा हा लेझर सोडला. आजूबाजूचा भाग न भाजता अगदी स्वच्छ खाच पडली. पुढे १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर हे तंत्र कॉर्नियावर वापरण्याची कल्पना मांडली गेली. १९९० च्या दशकात ते जगभर पोचलं. या तिघांना २०१३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

या लेझरचा नेमकेपणा थक्क करणारा आहे. त्याचा एक ठोका कॉर्नियाचा सुमारे पाव मायक्रॉन थर उडवतो. उणे एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. मध्यभागी कॉर्नियाची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तेव्हा हा हिशेब किती बारीक आहे ते लक्षात येईल. पण गंमत पाहा. आपण पाव-पाव मायक्रॉन मोजून एक सुरेख वळण घडवतो आणि त्यावर अंथरतो काय, तर तीन मायक्रॉनचा एक पाण्याचा थर, जो काही सेकंदांत विस्कटू शकतो. थर विस्कटला, तर खाली घडवलेल्या सुरेख वळणाचा पुरेसा उपयोग होत नाही.

आणि हा थर विस्कटायला शस्त्रक्रियाच काही काळ कारणीभूत होते. ते कसं, ते सांगते. लॅसिक या पद्धतीत कॉर्नियाच्या वरच्या भागातला सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा गोलाकार कापतात, एका बाजूला जोडलेला ठेवून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेझर करतात आणि पापुद्रा परत बसवतात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, पण मज्जातंतूंचं अतिशय दाट जाळं असतं. शरीरात इतकी नाजूक संवेदना क्वचितच दुसरीकडे असेल. एवढासा कण गेला तरी आपण कळवळतो, तो त्यामुळेच. पापुद्रा कापताना यातले बरेच तंतू कापले जातात.

गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी झालं की मोटर आपोआप चालू करणारा सेन्सर आता पुष्कळ सोसायट्यांमध्ये असतो. समजा, त्या सेन्सरची वायर तुटली. टाकी चांगली आहे, मोटर चांगली आहे, पण पाणी कमी झाल्याचं मोटरला सांगणार कोण? कॉर्नियाचे मज्जातंतू म्हणजे ही वायर. डोळा कोरडा पडू लागला, की ते मेंदूला कळवतात. मेंदू अश्रुग्रंथीला पाणी सोडायला आणि पापणीला मिटायला सांगतो. तंतू कापले, की निरोप जात नाही. पाणी कमी येतं, पापणी कमी लवते. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा स्थिर ठेवण्यासाठी जी चूषक कडी लावतात, तिच्या दाबानं म्युसिन तयार करणाऱ्या काही पेशींनाही इजा होते. म्हणजे लेपही काही काळ विरळ होतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. वायर तुटल्यामुळे कोरडेपणाची जाणीवही कमी होते. खुपणं, जळजळ, वाळू गेल्यासारखं वाटणं या नेहमीच्या तक्रारी असतीलच असं नाही. रुग्ण एवढंच सांगतो, की मधूनमधून पुसट दिसतं. त्या मुलीनं डोळे कोरडे पडल्याचं एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणून मला ते सुचलं नाही.

तंतू पुन्हा वाढतात. साधारण सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांची संवेदना बऱ्यापैकी परत येते, काहींना अधिक काळ लागतो. या वाढीत अश्रूंतली प्रथिनं भाग घेतात. त्यातल्या एकाची कथा मोठी सुरेख आहे. स्टॅन्ली कोहेन नावाचे शास्त्रज्ञ उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग करत होते. एका अर्काचं इंजेक्शन दिलेल्या पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी दिवस आधी उघडू लागले. हे का होतंय, याचा माग काढताना त्यांना पेशींची वाढ घडवणारं एक प्रथिन सापडलं. त्याला ईजीएफ म्हणतात. मज्जातंतूंची वाढ घडवणारं एनजीएफ रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांनी शोधलं होतं. या दोघांना १९८६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ही दोन्ही प्रथिनं आपल्या अश्रूंत असतात. एक कॉर्नियाची वरची कातडी भरून आणतं, दुसरं तुटलेले तंतू जगवतं, वाढवतं. प्रयोगशाळेत तयार केलेल्या एनजीएफचे थेंब, ज्यांच्या कॉर्नियाची संवेदना आजारामुळे गेली आहे अशा रुग्णांसाठी, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूरही झाले. लेझरनंतरच्या साध्या कोरडेपणासाठी ते औषध नाही, पण प्रथिनाचं महत्त्व त्यावरून कळतं.

सगळीच प्रथिनं मदतीला येतात असं मात्र नाही. डोळा कोरडा राहिला की अश्रू दाट आणि खारट होतात, पृष्ठभागावर सूज येते आणि एमएमपी-९ नावाचं, पेशींमधले सांधे तोडणारं प्रथिन वाढतं. ते वाढलं की वरची कातडी खडबडीत होते, थर आणखी लवकर फाटतो, कोरडेपणा आणखी वाढतो. असं हे चक्र आहे. दुसरं आहे टीजीएफ-बीटा. जखम भरताना ते हवंच असतं. पण पापुद्रा न कापता थेट पृष्ठभागावर लेझर करण्याची जी पीआरके पद्धत आहे, तीत ते जास्त झालं तर कॉर्नियावर धुक्यासारखा फिकट पांढुरका डाग येऊ शकतो. पीआरकेनंतर काही महिने उन्हात काळा चष्मा लावा असा आग्रह आम्ही धरतो, तो या डागाची शक्यता कमी करण्यासाठी.

आता मूळ प्रश्न. तक्ता ६/६ सांगतो आणि रुग्ण म्हणतो नीट दिसत नाही, हे कसं? तक्ता तयार केला नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलेन यांनी, १८६२ मध्ये. तो अजूनही उपयोगी आहे. पण त्यात असतं काय? पांढऱ्यावर काळीभोर अक्षरं, चांगला उजेड आणि पापणी हवी तेव्हा मिटायची मुभा. रुग्ण पापणी मिटतो, थर पसरतो, तेवढ्या क्षणात ओळ वाचून टाकतो. जपानमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये एक साधी कल्पना लढवली. पापणी न मिटता दहा सेकंद थांबायला सांगून नजर मोजली. निरोगी डोळ्यांची नजर फारशी बदलली नाही. कोरड्या डोळ्यांची मात्र लक्षणीय घसरली.

हे रोजच्या जगण्यात मांडून पाहू. एरवी आपली पापणी मिनिटाला १२ ते १५ वेळा लवते. संगणकासमोर हे प्रमाण बरंच घटतं, मिनिटाला पाच-सहा वेळांवरही येतं. म्हणजे दोन उघडझापींमध्ये दहा सेकंदांचं अंतर. आता एखाद्याचा अश्रूंचा थर चार सेकंदांत फाटत असेल, तर दर दहा सेकंदांतले सहा सेकंद तो फाटक्या थरातून पाहतो. तक्त्यासमोर तो ६/६ आहे. कार्यालयातल्या टेबलाशी नाही. रात्री बाहुली मोठी होते, थराचा जास्त मोठा भाग वापरात येतो, म्हणून दिव्यांचा पिसारा रात्री जास्त.

अशा तक्रारी किती जणांना होतात? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या आणि संरक्षण विभागाच्या सहकार्यानं लॅसिक झालेल्या लोकांचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नौदलाचे २६२ कर्मचारी आणि ३१२ नागरिक होते. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. ही महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती मी मुद्दाम आधी सांगते. पण ज्यांना शस्त्रक्रियेआधी कोरडेपणाची लक्षणं नव्हती, त्यांच्यातल्या २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तिसऱ्या महिन्यात ती जाणवत होती. ज्यांना आधी दिव्याभोवती वलयं दिसत नव्हती, त्यांच्यातल्या ४० टक्क्यांपर्यंत लोकांना ती दिसू लागली होती. या वलयांचं कारण प्रत्येक वेळी अश्रूच असतात असं नाही. लेझर केलेल्या भागाचा आकार, बाहुलीचा आकार, उरलेला नंबर हीही कारणं असतात. आणि अशा त्रासांमुळे रोजची कामं फारच अवघड झालेले लोक एक टक्क्याहून कमी होते.

त्या अभ्यासातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. डोळ्यांच्या तक्रारी प्रश्नावलीत लिहिण्याचं प्रमाण, त्याच तक्रारी डॉक्टरांना तोंडी सांगण्याच्या दुपटीहून अधिक होतं. म्हणजे लोक कागदावर लिहितात, आम्हाला सांगत नाहीत. का सांगत नसतील, याचं उत्तर मला त्या मुलीनं दिलं होतं. सांगितल्यावर आम्ही तक्त्याकडे बोट दाखवतो.

सुदैवानं ती पुन्हा आली. दोन महिन्यांनी, आईला घेऊन. आई म्हणाली, "डॉक्टर, ही म्हणते तुम्ही नंबर नाही म्हणता, मग मलाच वेड लागलंय का? एवढा खर्च करून पोरगी रडतेय हो." त्या दिवशी मी तिच्या डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकला, निळ्या प्रकाशात यंत्रातून पाहिलं आणि सेकंद मोजले. एरवी दहा सेकंद किंवा जास्त टिकणारा थर चौथ्या सेकंदाला फाटला. मग मी तिला तक्त्यासमोर बसवून सांगितलं, "आता पापणी न मिटता वाच." पाचव्या सेकंदाला शेवटची ओळ गेली. थोड्या वेळानं तिच्या वरचीही. तिनं पापणी मिटली आणि दोन्ही ओळी परत आल्या. तिची आई ते पाहत होती. मुलीनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना?"

उपचार काही जगावेगळे नव्हते. टिकाऊ रसायन नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, कारण ते रसायन वारंवार गेलं तर तेलाचा तवंग विस्कटतं. पापण्यांना रोज ऊबदार शेक, सूज कमी करणारं औषध काही महिने, संगणकाचा पडदा नजरेच्या थोडा खाली आणि वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर येणार नाही अशी खुर्ची. सहा महिन्यांनी तिचा थर नऊ सेकंद टिकू लागला. दिव्याचा पिसारा पुरता गेला नाही, पण रात्री ती पुन्हा गाडी चालवू लागली. कोरडेपणा हट्टी असेल तर अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रांना छोटी बुचं लावता येतात, किंवा रुग्णाच्याच रक्तातल्या द्रवापासून थेंब तयार करता येतात. त्या द्रवात अश्रूंसारखीच वाढ घडवणारी प्रथिनं असतात.

ज्यांना लेझर करून घ्यायचं आहे, त्यांना काही गोष्टी सांगते. पहिली, अश्रूंची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी झाली पाहिजे. कॉर्नियाचा नकाशा काढणारी अनेक यंत्रं डोळ्यावर प्रकाशाची गोल कडी टाकून त्यांचं प्रतिबिंब मोजतात. ते प्रतिबिंब पडतं अश्रूंच्या थरावर. थरच वेडावाकडा असेल तर मापही चुकेल. तपासण्या साध्या आहेत. कागदाची पट्टी पाच मिनिटं खालच्या पापणीत ठेवून ती किती भिजते ते पाहणं, ही जर्मन डॉक्टर शिर्मर यांची १९०३ पासूनची पद्धत. थर किती सेकंद टिकतो ते मोजणं. एमएमपी-९ वाढलं आहे का, हे दहा मिनिटांत सांगणारी चाचणीही काही ठिकाणी होते. केवळ अश्रूंतल्या प्रथिनांवरून लेझरनंतर कुणाला त्रास होईल याचं खात्रीचं भाकीत करणारी चाचणी मात्र अजून रूढ झालेली नाही. संशोधन त्या दिशेनं चालू आहे.

दुसरी, काहीही लपवू नका. मुरमांसाठी घेत असलेल्या गोळ्या, ॲलर्जीची औषधं, संधिवात, मधुमेह, कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नसणं, या सगळ्यांचा अश्रूंशी संबंध आहे. लग्न ठरलं आहे किंवा भरतीची तारीख जवळ आली आहे म्हणून घाई केली जाते. डोळा आधीच कोरडा असेल तर दोन-तीन महिने उपचार करून मग लेझर करावं. काहींना तर शस्त्रक्रिया करू नका असंच सांगावं लागतं. तो सल्ला देणाऱ्यावर रागावू नका.

तिसरी, कोणती पद्धत, हा प्रश्न. लहानशा छेदातून कॉर्नियाची चकती काढण्याच्या स्माइल पद्धतीत कमी तंतू कापले जातात. पहिल्या काही महिन्यांत तिच्यात कोरडेपणा कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण कोणतीही पद्धत कोरड्या डोळ्याला आपोआप सुरक्षित करत नाही.

आणि चौथी, घरगुती उपाय नकोत. मध, तूप, गुलाबपाणी, दुकानातून आपल्या मनानं आणलेले डोळे पांढरे करणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब, यातलं काहीही शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात घालू नका. डोळ्यांतून पाणी वाहतंय म्हणजे डोळा ओला आहे असंही समजू नका. पृष्ठभाग कोरडा पडून चिडला की पाण्याचा लोंढा येतो. पण तो थर धरून ठेवत नाही, गालावरून निघून जातो.

लेझरला घाबरवण्यासाठी हे बोलत नाही. मी स्वतः अजूनही या शस्त्रक्रिया करते आणि बहुतेक रुग्ण आनंदानं चष्मा ठेवून देतात. सांगायचं एवढंच आहे, की तपासणीला जाल तेव्हा, "माझ्या डोळ्यांतलं पाणी तपासलंत का?" असं विचारायला संकोचू नका. आणि शस्त्रक्रियेनंतर तक्ता वाचता आला, तरी पुसट दिसत असेल तर ते सांगा. डॉक्टरनं ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. मीसुद्धा आता तक्ता वाचून झाला की लगेच कागदावर लिहीत नाही. आधी विचारते, "आणि संध्याकाळी कसं दिसतं?"